दाब भागिले प्रवाह: एका भागाकाराचा आढावा

डिसेंबरच्या शेवटी जबलपूर जिल्ह्यात पाटण-शहापुऱ्याकडे मटाराला आणि गव्हाला पाणी देण्याची घाई असते. शेतीची लाइन आली की शेकडो पंप एकदम सुरू होतात आणि तारेच्या शेवटच्या टोकाला २३० व्होल्टच्या जागी कधी १८० व्होल्टच उरतात. त्या टोकाच्या एका घरात गीझर लावलेला असतो आणि मागच्या विहिरीवर पाच हॉर्सपॉवरची मोटर चालू असते. दाब कमी झाल्यावर गीझर नेहमीपेक्षा कमी प्रवाह घेतो; पाणी तापायला वेळ लागतो, एवढेच. मोटर मात्र नेहमीपेक्षा जास्त प्रवाह घेते आणि पहाटेपर्यंत तिचे वाइंडिंग जळून जाऊ शकते. तार तीच, दाबातली तूटही तीच. प्रवाह एकीकडे घटला आणि दुसरीकडे वाढला.

शाळेतला ओहमचा नियम घेऊन बसले तर गीझरचे उत्तर मिळते, मोटरचे मिळत नाही. विजेच्या कामात माझी बरीच वर्षे गेली, आणि नव्याने आलेल्या मुलांना मी पहिल्या आठवड्यात हेच कोडे घालत असे. हुशार मुलेही चटकन सांगत, दाब कमी म्हणजे प्रवाह कमी. मग मोटर का जळते, असे विचारले की गप्प होत. व्होल्टेज आणि करंट हे दोन आकडे हातात असतील तर रोध आणि शक्ती कळते का, हा प्रश्न पाठ्यपुस्तकात अर्ध्या पानात संपतो. प्रत्यक्षात त्यावर दोनशे वर्षे काम झाले आहे आणि ते अजून चालू आहे. त्या कामाकडे एकदा सलग पाहावे म्हणून हा लेख.

जबलपूरमधून हा विषय मांडण्याला एक कारण आहे. १९५६मध्ये नवे मध्य प्रदेश राज्य झाले तेव्हा राजधानी भोपाळला गेली, उच्च न्यायालय जबलपूरला आले आणि राज्याच्या विद्युत मंडळाचे मुख्यालयही जबलपूरला राहिले. पुढे मंडळाच्या कंपन्या झाल्या, तरी रामपूर भागातले शक्तिभवन हे आजही राज्याच्या विजेचे घर आहे. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय तर १९४७पासूनचे. त्यापूर्वी हा सारा मुलूख नागपूर-विदर्भाबरोबर मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता, आणि त्याच्याही आधी काही काळ नागपूरकर भोसल्यांकडे. त्यामुळे इथल्या मराठी घरांना दोन भाषांतले विज्ञान एकदमच भेटते. घरी महाराष्ट्रातून आणलेल्या पुस्तकात 'रोध', शाळेत हिंदीतून 'प्रतिरोध', आणि वर्कशॉपमध्ये दोन्ही सोडून 'रेझिस्टन्स'. रोध हा शब्द मला नेहमीच आवडला. दोन अक्षरांत काम होते आणि अडवणे हा अर्थही स्पष्ट कळतो. पण कोणताही शब्द वापरला तरी एक गैरसमज तिन्हींत सारखाच राहतो: रोध ही वस्तूच्या अंगातली कायमची गोष्ट आहे, रंगासारखी किंवा वजनासारखी.

गेओर्ग ओहम हा जर्मनीत कोलोनला शाळेत शिकवत असे. त्याची खरी अडचण गणिताची नव्हती, स्थिर दाब मिळवण्याची होती. त्या काळच्या बॅटऱ्यांतून प्रवाह घेतला की दाब खाली येई, आणि प्रत्येक वाचन वेगळे निघे. पोगेनडॉर्फ या संपादकाच्या सूचनेवरून त्याने बॅटरी सोडून दिली आणि तांबे व बिस्मथ यांचा सांधा वापरला. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. दोन तापमानांतल्या फरकामुळे अगदी थोडा पण न हलणारा दाब मिळतो. मग वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडून त्याने चुंबकसूचीच्या वळणावरून प्रवाह मोजला. हे १८२६चे काम, पुस्तक १८२७चे. जर्मनीत त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१मध्ये कोपली पदक दिले तेव्हा मायदेशातही मान वाढला. त्याच्याही आधी, १७८१च्या सुमारास हेन्री कॅव्हेंडिशने याच्या जवळपासचा निष्कर्ष काढला होता. त्याच्याकडे प्रवाह मोजायचे यंत्र नव्हते, म्हणून तो स्वतःला झटके देऊन त्यांची तीव्रता ताडून पाही. ती टिपणे मॅक्सवेलने १८७९मध्ये छापली, तोवर शंभर वर्षे होत आली होती.

ओहमच्या कामात दोन गोष्टी आहेत आणि शिकवताना त्या एकमेकींत मिसळतात. पहिली म्हणजे व्याख्या: दाब भागिले प्रवाह, याला रोध म्हणायचे. ही कधीच चुकत नाही, कारण ते फक्त नाव देणे आहे. दुसरी म्हणजे नियम: धातूच्या तारेचे तापमान बदलले नाही तर दाब कितीही बदला, हा भागाकार तोच येतो. हा निसर्गाबद्दलचा दावा आहे आणि तो काही वस्तूंना लागू पडतो, काहींना नाही. परीक्षेत मुले व्याख्या लिहितात आणि तिला नियम म्हणतात. माझ्या मते या विषयातला निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो.

गीझर हा नियम बऱ्यापैकी पाळणारा गृहस्थ आहे. २३० व्होल्टला २००० वॅट, म्हणजे प्रवाह ८.७ अँपिअर आणि रोध सुमारे २६.५ ओहम. त्याची कॉइल नायक्रोमची असते, आणि निकेल-क्रोमियमच्या या मिश्रधातूचा रोध तापल्यावर फारसा वाढत नाही. म्हणून १८० व्होल्टला प्रवाह ६.८ अँपिअर होतो आणि शक्ती १८० × १८० ÷ २६.५, म्हणजे जेमतेम १२२५ वॅट. दाब बावीस टक्क्यांनी घटला आणि शक्ती जवळजवळ चाळीस टक्क्यांनी. पंधरा लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवायला जिथे तेरा मिनिटे लागत, तिथे एकवीस लागतात. थंडीत 'गीझर बिघडला' अशी तक्रार येते तेव्हा बहुधा गीझर ठीक असतो. दाब बसलेला असतो.

जुना शंभर वॅटचा पिवळा बल्ब हा नियम पाळत नाही. जळताना त्याचा रोध २३० × २३० ÷ १००, म्हणजे ५२९ ओहम. तोच बल्ब थंड असताना मल्टीमीटरने मोजा, चाळीसच्या आसपास ओहम दिसतील. टंगस्टनची तार अडीच हजार अंशांच्या पुढे तापते आणि तिचा रोध बारा-तेरा पटींनी वाढतो. दोन्ही आकडे खरे आहेत. बल्बचा रोध किती, हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या तापमानाला, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही. असे बल्ब बहुतेक वेळा बटण दाबतानाच का उडत, हेही यातच आले: त्या पहिल्या क्षणी नेहमीच्या ०.४३ अँपिअरच्या जागी पाच-साडेपाच अँपिअर प्रवाह धावतो.

तापमानाबरोबर रोध बदलतो ही कटकट वाटते, पण कामाच्या लोकांनी तिचेच हत्यार केले. ट्रान्सफॉर्मर किंवा मोटर भर लोडवर चालल्यावर आतले तांबे किती तापले, हे थर्मामीटर घालून पाहता येत नाही. मग थंड असतानाचा आणि बंद केल्याबरोबरचा असे दोन रोध मोजतात. तांब्यासाठी तापमानात २३५ मिळवून येणाऱ्या संख्येच्या प्रमाणात रोध वाढतो. समजा २५ अंशांना रोध ४ ओहम होता आणि आता ५ आला. २५ अधिक २३५ म्हणजे २६०. त्याच्या सव्वापट ३२५. त्यातून २३५ वजा केले की ९० अंश. न उघडता, न कापता आतल्या सरासरी तापमानाचा अंदाज मिळतो. या विद्येतले मला सर्वांत सुंदर वाटणारे गणित हेच आहे. भागाकारातला जो दोष शाळेत दुर्लक्षायला शिकवतात, त्यावरच ते उभे आहे.

आता मोटर. पाच हॉर्सपॉवरच्या थ्री-फेज पंपाच्या दोन टर्मिनलांमध्ये मल्टीमीटर लावला तर तीन-चार ओहम दिसतात. ४१५ व्होल्ट भागिले तीन-चार म्हणजे शंभराहून जास्त अँपिअर. पण मोटर चालताना प्रवाह मोजणारा टाँग टेस्टर लावा, साडेसात-आठ दिसतील. मधले बाकीचे कुठे गेले? फिरणाऱ्या मोटरमधले चुंबकीय क्षेत्र वाइंडिंगमध्ये उलट दाब निर्माण करते, त्याला बॅक ईएमएफ म्हणतात. बाहेरचा दाब बहुतांश त्यालाच तोंड देण्यात खर्च होतो. रोधाच्या वाट्याला थोडाच उरतो. म्हणजे चालत्या मोटरच्या दाबाला प्रवाहाने भागले तर एक आकडा नक्की येतो, पण तो रोध नसतो. रोटर अडकला, गाळ भरला, की उलट दाब नाहीसा होतो आणि प्रवाह नेहमीच्या पाच-सात पट होतो.

आणि दाब बसला की? पंपाला पाणी उपसायचेच आहे. त्याला लागणारी शक्ती जवळपास तेवढीच राहते. शक्ती म्हणजे दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार, म्हणून एक घटला की दुसरा वाढतो. ४१५च्या जागी ३२५ व्होल्ट मिळाले तर ७.६ अँपिअरचे ९.७ होतात. आत तापणाऱ्या तांब्याला त्या वाढीचा वर्ग भोगावा लागतो: उष्णता सुमारे १.६ पट. इनॅमलचे वेष्टण ती फार काळ सोसत नाही. गीझरमध्ये रोध ठरलेला होता आणि शक्ती बदलली. मोटरमध्ये शक्ती ठरलेली होती आणि प्रवाह बदलला. सुरुवातीच्या कोड्याचे उत्तर एवढेच आहे. जास्त प्रवाहाने मोटर वेळेत बंद करणारा ओव्हरलोड रिले स्टार्टरमध्ये असतो. 'सारखा ट्रिप होतो' म्हणून तो पिळून वर नेतात किंवा काढूनच टाकतात. रिवाइंडिंगच्या दुकानात हिवाळ्यात लागणाऱ्या रांगेतल्या कितीतरी मोटरी या एका स्क्रूमुळे तिथे पोचलेल्या असतात.

याच जातीचा आणखी एक घोळ विद्यार्थ्यांना छळतो. शक्तीची दोन सूत्रे आहेत. एकात प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, दुसऱ्यात दाबाचा वर्ग भागिले रोध. एक म्हणते रोध वाढला की उष्णता वाढते, दुसरे म्हणते घटते. खरे काय? दोन्ही खरी. काय ठरलेले आहे ते आधी पाहायचे. वसतिगृहात उघड्या कॉइलची हॉट प्लेट असे; कॉइल तुटली की मुले टोके पिळून जोडत. दाब घरचाच, २३० व्होल्ट, ठरलेला. दहा टक्के तार गेली म्हणजे रोध दहा टक्के कमी, शक्ती अकरा टक्के जास्त, आणि तार आखूड झाल्याने तिच्या प्रत्येक सेंटिमीटरवर तेवीस टक्के जास्त भार. म्हणून जोडलेली कॉइल पुन्हा लवकर तुटते. उलट बाजू प्लगच्या ढिल्या सांध्याची. तिथे प्रवाह उपकरणाने ठरवलेला आहे. वीस अँपिअरच्या वाटेत फक्त ०.०५ ओहमचा ढिला सांधा आला तर एक व्होल्ट तिथे खर्च होतो आणि नखाएवढ्या जागेत वीस वॅट उष्णता साठते. दाबातली ही तूट व्होल्टमीटरवर कुणाच्या नजरेत भरणार नाही. पण सॉकेट काळे पडते, वितळते.

प्रवाहाच्या वर्गाचे हे सूत्र जेम्स जूलने १८४१मध्ये पाण्यात तारा बुडवून शोधले. आज देशभरातल्या विजेच्या तारा त्याच सूत्राच्या धाकाने एवढ्या उंच टांगलेल्या आहेत. नर्मदेवरच्या बर्गी धरणाचेच घ्या. तिथे ४५ मेगावॅटचे दोन संच आहेत. एका संचाची वीज समजा १३२ केव्हीने तीस किलोमीटर नेली, पॉवर फॅक्टर ०.९ धरला, तर प्रत्येक तारेत सुमारे २१९ अँपिअर. लाइनवाल्यांच्या भाषेत तारांना जनावरांची नावे आहेत. अ‍ॅल्युमिनियमच्या आत पोलाद असलेल्या या तारांत गावच्या लाइनवर वीझल आणि रॅबिट, थोड्या मोठ्या कामाला डॉग, १३२ केव्हीला पँथर, २२० केव्हीला झेब्रा, ४०० केव्हीला मूस. जनावर जेवढे मोठे तेवढा रोध कमी. रॅबिटचा किलोमीटरला ०.५४ ओहमच्या आसपास, पँथरचा ०.१४, मूसचा ०.०५५. पँथरच्या तीस किलोमीटरचा रोध ४.२ ओहम धरला तर तिन्ही तारांत मिळून सुमारे ६०० किलोवॅट जळतात, ४५ मेगावॅटच्या सव्वा टक्क्याहून थोडे जास्त. तीच वीज ११ केव्हीने त्याच तारेतून न्यायची म्हटली तर दाब बाराव्या हिश्शावर, प्रवाह बारापट, नाश १४४ पट. म्हणजे ८७ मेगावॅट. संच ४५चा आणि नाश ८७चा! असा हिशेब निघाला की तो नाशाचा आकडा नसतो. वीज तिथे पोचूच शकत नाही, असा त्याचा अर्थ. जबलपूर शहराजवळच्या पूलिंग स्टेशनपर्यंत ७६५ केव्हीच्या लाइन का आणल्या, हे शाळेतल्या मुलाला एवढ्या गणितात समजावता येते.

रेल्वेनेही हाच धडा गिरवला. भारतातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ला मुंबईत व्हीटी ते कुर्ला धावली, १५०० व्होल्ट डीसीवर. साडेचार मेगावॅटचे आजचे मालगाडीचे इंजिन त्या दाबावर चालवायचे तर तीन हजार अँपिअर लागतील. जबलपूरवरून जाणाऱ्या मार्गावर २५ केव्ही एसी असतात; तिथे तेच काम दोनशेच्या आत-बाहेर होते. म्हणून मुंबईच्या उपनगरी मार्गांनीही शेवटी २५ केव्ही स्वीकारले.

इथवर मी दाब आणि प्रवाह मोजले गेले असे धरूनच चाललो. मोजण्याचे स्वतःचे एक शास्त्र आहे, आणि भागाकारापेक्षा तेच कठीण. व्होल्टमीटर लावला की तो स्वतः थोडा प्रवाह घेतो. अँमीटर लावला की तो स्वतः थोडा दाब खातो. प्रयोगशाळेत दोन्ही एकदम बरोबर वाचता येत नाहीत. रोध मोठा असेल तर एक जोडणी घ्यायची, लहान असेल तर दुसरी. १८३३मध्ये क्रिस्टीने आणि त्याला पुढे आणून १८४३मध्ये व्हीटस्टनने वेगळी वाट काढली. दाब-प्रवाह मोजायचेच नाहीत. अनोळखी रोध ओळखीच्या रोधांशी तोलायचा आणि काटा शून्यावर आणायचा. या पद्धतीला व्हीटस्टनचे नाव पडले. त्याने स्वतः श्रेय क्रिस्टीला दिले होते, तरी लोकांनी ऐकले नाही.

उपकेंद्रातल्या सर्किट ब्रेकरचा बंद संपर्क किती चांगला आहे हे पाहायचे तर मल्टीमीटर निरुपयोगी, कारण त्याच्या पिनांचाच रोध त्याहून कितीतरी जास्त. तिथे १०० अँपिअर डीसी सोडतात आणि संपर्काच्या अगदी दोन्ही बाजूंना वेगळ्या बारीक तारा लावून दाब वाचतात. पाच मिलिव्होल्ट आले तर ५० मायक्रोओहम. प्रवाह नेणाऱ्या तारा वेगळ्या आणि दाब वाचणाऱ्या वेगळ्या, एवढीच युक्ती. दुसऱ्या टोकाला इन्शुलेशन. मेगरने ५००० व्होल्ट लावले आणि एक मायक्रोअँपिअर गळाला तर ५००० मेगओहम. पण इथे तोच आकडा मिनिटागणिक बदलत राहतो. सुरुवातीला केबल किंवा ट्रान्सफॉर्मर चार्ज होत असतो, इन्शुलेशनमधले रेणू हळूहळू वळत असतात. प्रवाह कमी होत जातो आणि रोध 'वाढत' जातो. म्हणून अनुभवी माणूस एका आकड्यावर विसंबत नाही. तो एका मिनिटाचे आणि दहा मिनिटांचे वाचन घेतो आणि त्यांचे गुणोत्तर पाहतो. इन्शुलेशन कोरडे असेल तर दहाव्या मिनिटाला आकडा चांगला चढतो. ओलसर असेल तर जागचा हलत नाही. रोधापेक्षा त्याच्या चढण्यातूनच जास्त कळते.

शक्ती मोजण्याची गोष्ट एसीमध्ये आणखी वळण घेते. साध्या चोकची ४० वॅटची ट्यूबलाइट ०.४३ अँपिअर घेई. २३०ने गुणले तर ९९. पण चोक धरूनही ती पन्नास-बावन्न वॅटच खात असे. दाबाची लाट आणि प्रवाहाची लाट एकाच वेळी माथ्यावर येत नाहीत, म्हणून गुणाकारातले सगळे कामाला लागत नाही. उरलेले जाते-येते आणि तारा मात्र तापवते. गुणाकाराला व्होल्ट-अँपिअर म्हणायचे, कामाच्या भागाला वॅट, आणि दोन्हींच्या गुणोत्तराला पॉवर फॅक्टर. पंपाला कपॅसिटर लावला की हा फुकाचा येरझारा तिथल्या तिथे भागतो आणि लाइनवरचा प्रवाह उतरतो. दहा शेतकऱ्यांनी लावला तर अकराव्याच्या विहिरीवरचे व्होल्टेजही सुधारते. घरातले जुने चकतीचे मीटर हा गुणाकार कोणत्याही कागदाशिवाय करी: एक कॉइल दाबाची, एक प्रवाहाची, आणि दोन्हींच्या लाटा जितक्या जुळतील तितक्या वेगाने अ‍ॅल्युमिनियमची चकती फिरे. आता एलईडी, इन्व्हर्टर आणि चार्जर यांच्यामुळे प्रवाहाची लाट लाटच राहिलेली नाही. तिचे सुळके झाले आहेत. स्वस्त मीटर त्यावर चुकीचे अँपिअर दाखवतो. आज टाँग टेस्टर घेणाऱ्याने 'ट्रू आरएमएस' लिहिलेलाच घ्यावा, असे माझे मत आहे.

एक ओहम म्हणजे नेमका किती, हे ठरवायलाही जगाला वेळ लागला. १८८१च्या पॅरिस परिषदेत एककांची नावे ठरली. १८९३ला शिकागोत १०६.३ सेंटिमीटर लांबीच्या पाऱ्याच्या स्तंभाच्या रोधाला ओहम म्हटले गेले. १९८०मध्ये क्लाउस फॉन क्लिट्झिंगला अतिथंड तापमानात, मोठ्या चुंबकीय क्षेत्रात दिसले की एका पातळ थरातला रोध पायऱ्यापायऱ्यांनीच बदलतो. त्या पायऱ्या २५८१२.८०७ ओहमला पूर्ण संख्येने भागून येतात, पदार्थ कोणताही असो. २० मे २०१९पासून अँपिअरची व्याख्याही इलेक्ट्रॉनच्या भारावरून केली आहे. रोध ही वस्तूच्या अंगातली कायमची गोष्ट नाही असे मी वर लिहिले; कायमचा असा एक रोध सापडला, पण तो वस्तूचा नव्हता.

आता ज्यासाठी हा सगळा हिशेब घरच्या माणसाने समजून घ्यायला हवा, तिकडे वळतो. अर्थिंग. जबलपुरातल्या मदन महालच्या टेकड्यांवर ग्रॅनाइटचे प्रचंड खडक आहेत. खाली काळी माती. ओल्या काळ्या मातीतून वीज चांगली जाते. खडकातून आणि उन्हाळ्यात भेगाळलेल्या मातीतून जात नाही. कोळसा आणि मीठ भरलेला खड्डा पावसाळ्यात दोन-तीन ओहम दाखवील आणि मे महिन्यात त्याच्या कितीतरी पट. म्हणून अर्थिंग मोजायचे ते मे महिन्यात, तेही बल्ब लावून नव्हे, तर जमिनीत दूरवर दोन खुंट्या ठोकून, अर्थ टेस्टरने. दोन खुंट्या कशासाठी? इथेही प्रवाह नेणारी वेगळी आणि दाब वाचणारी वेगळी; ब्रेकरच्या संपर्काचीच युक्ती.

समजा कूलरच्या पत्र्याला फेज लागली आणि अर्थच्या वाटेचा एकूण रोध १० ओहम आहे. २३० भागिले १० म्हणजे २३ अँपिअर. लोकांना वाटते, एमसीबी पडेल. १६ अँपिअरच्या सी प्रकारच्या एमसीबीला झटक्यात पडायची खात्री हवी तर १६० अँपिअर लागतात, म्हणजे वाटेचा रोध सुमारे १.४ ओहमच्या आत हवा. २३ अँपिअरवर ती तासाभरात पडेलच याचीही हमी नाही. तेवढा वेळ कूलरचा पत्रा जिवंत राहतो. माणसाच्या शरीराचा रोध या दाबावर हजार-दोन हजार ओहमच्या घरात असतो, ओल्या अंगाने आणखी कमी. आणि दाब जितका जास्त तितका तो उतरतो. शरीरही ओहमचा नियम पाळत नाही, आणि ते आपल्या विरुद्ध बाजूला. २३० भागिले १००० म्हणजे २३० मिलिअँपिअर. हृदयाची लय बिघडायला याचा अंशही पुरतो. फ्यूज आणि एमसीबी तारेचे रक्षण करतात. माणसाचे रक्षण ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी करते. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून परत आला की नाही एवढेच ती पाहते. तिला ना रोध माहीत असावा लागतो, ना भागाकार करावा लागतो.

जबलपूरच्या उन्हाळ्यात घरोघरी पत्र्याचे कूलर ओल्या फरशीवर उभे असतात. नागपूर-अमरावतीतही तेच दृश्य. आपल्या घरात आरसीसीबी नसेल तर कूलर काढण्यापूर्वी बसवून घ्या. असेल तर तिच्यावरचे 'टी' लिहिलेले बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा, आणि दाबल्यावर ती पडली नाही तर त्याच दिवशी बदला.